गोव्यात कायदा एक, मग लग्नं दोन तऱ्हेची कशी?

उत्तराखंडात जानेवारी २०२५ मध्ये समान नागरी कायदा लागू झाला आणि तेव्हापासून आमच्या सावंतवाडीच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी तो फॉरवर्ड टाकतंच, की गोव्याकडे बघा, तिथे हा कायदा कधीपासूनच आहे, हिंदू ख्रिश्चन मुसलमान सगळ्यांना एकच नियम आणि कसे गुण्यागोविंदाने राहतात. त्याच्याखाली लगेच दुसरा कोणीतरी लिहितो, कसलं काय, तिथे हिंदूंना दोन बायका करता येतात. मग मला टॅग करतात, कारण माझं सासर म्हापशाचं, आणि माहेरच्यांच्या मते गोव्यात नांदणाऱ्या बाईला गोव्याचा कायदासुद्धा पाठ असतो.

दोन्ही मेसेज अर्धे अर्धे खरे आहेत. ग्रुपवर एवढं लांब कोण वाचणार, म्हणून इथे नीट लिहून काढते. मी वकील नाही. पण सासरच्या जमिनीच्या कामात सह्या करून करून आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर बसून बसून जे कळलं, त्यात थोडं वाचन घालून सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते. बाहेरचे लोक हा कायदा धर्माच्या बाजूने बघतात, पण इथे राहणाऱ्याला तो भेटतो तो नवरा-बायकोच्या पैशाअडक्यात, आणि धर्माचं जे काय वेगळेपण आहे ते त्याच्या शेजारीच सुखाने आपलं आपलं चालू असतं.

## हा कायदा आला कुठून

नागरी कायदा म्हणजे घरातल्या गोष्टींचा कायदा: लग्न, घटस्फोट, वारसा, मृत्युपत्र वगैरे. बाकी देशात या गोष्टी बऱ्याचशा ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे ठरतात, त्याला पर्सनल लॉ म्हणतात. गोव्यात मात्र पोर्तुगालने १८६७ साली आपल्यासाठी जी नागरी संहिता केली होती तीच १८७० पासून लागू झाली. म्हणजे हा कायदा कोणी सर्वधर्मसमभावाच्या प्रेमातनं केला असं काही नाही, साहेबाने आपल्या घरचा कायदा वसाहतीत आणून ठेवला एवढंच.

तो आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथल्या हिंदूंच्या रूढी वेगळ्या आहेत, म्हणून १८८० मध्ये हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी वेगळा हुकूमनामा काढला. पुढे १९१० ला पोर्तुगालमध्ये राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, त्या लोकांना चर्चचं वर्चस्व मोडायचं होतं, त्यांनी दिवाणी नोंदणीचं लग्न सक्तीचं केलं आणि घटस्फोट आणला. नंतर हुकूमशहा सालाझारच्या काळात चर्चशी पुन्हा जमलं, आणि १९४६ च्या हुकूमनाम्याने चर्चमधल्या लग्नाला परत मान्यता मिळाली. म्हणजे एकाच कायद्यावर तीन वेगळ्या काळातली ठिगळं आहेत, आणि आज जे गोंधळ दिसतात ते बरेचसे ह्या ठिगळांच्या शिवणीवरच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्यात संसदेने ठरवलं की बदल होईपर्यंत इथले चालू कायदे तसेच राहतील. ते राहिले ते राहिलेच. गमतीची गोष्ट अशी की पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता करून जुनी मोडीत काढली, आपण मात्र त्यांची जुनी अजून वापरतोय. वारसा, मृत्युपत्र आणि वाटणीचा भाग गोवा विधानसभेने २०१२ च्या कायद्यात नव्याने लिहिला आणि तो २०१६ च्या शेवटी अंमलात आला, पण लग्नाचा पाया अजून जुनाच.

## दोन हंडे आणि एक पिंप

आता मुख्य मुद्दा. गोव्यात लग्न करताना तुम्ही काही वेगळं लिहून दिलं नसेल तर नवऱ्याचं आणि बायकोचं जे काय आहे ते दोघांचं मिळून एक होतं. लग्नाआधीचं, नंतर कमावलेलं, वारशाने आलेलं, सगळं. याला कायद्यात मालमत्तेची सामायिकता म्हणतात. दोघांनी आपापला हंडा आणून एका पिंपात ओतला असं समजा, नवऱ्याचा हंडा भरलेला होता आणि बायकोच्यात तळाशी दोन तांबेच होते तरी ओतल्यावर पिंपातलं अर्धं पाणी तिचं, आणि कुठलं कोणाचं ते आता वेगळं काढता येत नाही.

ज्यांना हे नको असेल त्यांनी लग्नाच्या आधी नोटरीपुढे करार करायचा. त्यात पूर्ण वेगवेगळी मालमत्ता ठेवता येते, किंवा आधीचं ज्याचं त्याचं आणि लग्नानंतरचं तेवढं दोघांचं असंही ठेवता येतं. हुंड्याच्या पद्धतीचा एक चौथा प्रकार कागदावर आहे, तो सोडून द्या. पण हा करार लग्नानंतर करता येत नाही आणि केलेला बदलता येत नाही. प्रेमात असताना अशा कराराचं नाव काढायची हिंमत फार थोड्या लोकांची असते, त्यामुळे बहुतेक लग्नं आपोआप पिंपातच जातात.

आकड्यात बघू. समजा नवरा-बायकोचं मिळून घर आणि भाट, म्हणजे माडांची बाग, धरून ८० लाखांचं आहे, दोन मुलं, एक मुलगा एक मुलगी. नवरा वारला. पहिली गोष्ट, ८० मधले ४० लाख बायकोचे होतेच, ते तिला वारशाने मिळत नाहीत, आधीपासूनच तिचे आहेत. उरलेले ४० नवऱ्याचे. त्याने मृत्युपत्र केलं असेल तर त्यातल्या अर्ध्याचं, म्हणजे २० लाखांचं, तो हवं ते करू शकतो, देवळाला द्या, चर्चला द्या, पुतण्याला द्या. बाकीचे २० लाख मुलांचे राखीव, मुलाला १० आणि मुलीला १०, बाप कितीही रागावलेला असला तरी. मृत्युपत्रच नसेल तर सगळे ४० दोघांत सारखे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बायको वारसांच्या रांगेत पहिली असेल. उलट जुन्या संहितेत ती मुलं, मग आईवडील, मग भावंडं यांच्याही नंतर येते. कारण हिशोब असा, की तिचं अर्धं तिने आधीच घेतलेलं आहे.

## सात-बारावाले आणि एक-चौदावाले

पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला गेलात की हे चित्र पूर्ण बदलतं. जमिनीच्या कागदाचं नावसुद्धा बदलतं, तिकडे सात-बारा, इकडे एक-चौदा. सावंतवाडीत एका गल्लीत तीन घरं घ्या. हिंदू घरात नवऱ्याने स्वतः कमावलेल्या मिळकतीवर लग्न झालं म्हणून बायकोचा हक्क चढत नाही, तो गेल्यावर ती मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने एका वाट्याची वारस होते, आणि त्याने मृत्युपत्रात सगळं दुसऱ्या कोणाला लिहून दिलं तर ते बहुतेक टिकतं. शेजारच्या ख्रिस्ती घरात १९२५ चा वारसा कायदा, मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश. त्याच्या पलीकडे मुसलमान घरात शरियतप्रमाणे वाटे, आणि तिथे मृत्युपत्राने एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही. हीच तीन घरं म्हापशात असती तर तिघांचा हिशोब वर सांगितला तसाच, एकसारखा.

मुलींचं म्हणाल तर महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. गोव्यात वारसांच्यात मुलगा-मुलगी हा फरक संहितेने फार आधीच काढून टाकलेला. आता लगेच टाळ्या वाजवू नका. इथे बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडून द्यायची पद्धत जोरात आहे, हिंदूंच्यात पण आणि कॅथलिकांच्यात पण. लग्नात केलंय की तुझं, माहेर तुटायला नको, हीच वाक्यं दोन्हीकडे ऐकायला मिळतात, फक्त एकीकडे गळ्यात मंगळसूत्र असतं आणि दुसरीकडे क्रूस. कायद्याने दिलेलं घरच्यांनी गोड बोलून काढून घ्यायचं, याला धर्म आड येत नाही.

पण अर्ध्या हिश्श्याची ताकद रोजच्या व्यवहारात दिसते. इथे नवऱ्याला एकट्याने घर विकता येत नाही, बायकोची सही लागतेच. एवढंच नाही, सासऱ्यांच्या जमिनीची वाटणी असेल तर मुलगे, मुली, शिवाय सुना आणि जावई, सगळ्यांच्या सह्या, कारण प्रत्येकाचा जो वाटा आहे त्यात त्याच्या जोडीदाराचं अर्धं बसलेलं आहे. वाड्यावरच्या एका भाटाच्या एक-चौदावर मी आडनावांची एवढी लांब रांग बघितलीय की पान उलटावं लागलं. त्यातला एक तारवटी, बोटीवर, सहा महिने हाताला लागत नाही. एक जोडपं इंग्लंडात स्विंडनला. एकाचा घटस्फोट अर्धवट. व्यवहार वर्षानुवर्षं अडकून राहतात. गावागावात बंद पडलेली, छपरातनं पिंपळ आलेली जी सुंदर जुनी घरं टुरिस्ट लोक फोटो काढतात ना, त्यातल्या कितीतरी घरांमागे हेच दुखणं असतं. समान वाटे न्याय्य आहेत हे खरं, पण कौलं फुटली की ती बदलायला चौदा मालकांतला एकही पुढे येत नाही हेही खरं.

इन्कम टॅक्समध्ये पण आमची वेगळी खोली आहे. आयकर कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे, १९६१ च्या कायद्यात ते पाच-अ, त्याप्रमाणे या संहितेखालच्या नवरा-बायकोंचं भाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न अर्धं अर्धं करून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, पगार मात्र ज्याचा त्याचा. पुण्याहून बदलून आलेल्या सीएला हे पहिल्या वर्षी पटतच नाही.

## मग वेगळेपण कुठे आहे? सह्यांमध्ये

आता त्या फॉरवर्डमधली "सगळ्यांना एकच नियम" ही ओळ तपासू. पैशाच्या बाबतीत जवळजवळ खरी. लग्न लागण्याच्या बाबतीत नाही.

गोव्यात हिंदूचं लग्न कायद्याने लागतं ते सिव्हिल रजिस्ट्रारच्या पुढ्यात, दोन सह्यांनी. पहिली सही म्हणजे आमचा लग्न करायचा इरादा आहे. मग नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावं म्हणून सुमारे पंधरा दिवस. त्यानंतर साक्षीदार घेऊन दुसरी सही, आणि ती झाली की लग्न झालं. मंगलाष्टकं, सप्तपदी, हॉलमधलं पाचशे माणसांचं जेवण याला कायद्याच्या लेखी काही वजन नाही. घाटावरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. उलटही होतं, पहिली सही झाली की काही घरांत पेढे वाटतात आणि झालं लग्न असं धरून चालतात, आणि मग दुसरी सही राहूनच गेली तर पुढे कोर्टात डोकेफोड.

कॅथलिक जोडप्याची पहिली सही तिथेच, त्याच खिडकीत. पण नंतर रजिस्ट्रार चर्चसाठी ना-हरकत दाखला देतो, लग्न चर्चमध्ये पाद्री लावतो, आणि चर्चच्या वहीतली नोंद रजिस्ट्रारच्या वहीत उतरवली जाते. म्हणजे त्यांच्या बाबतीत धर्माचा विधी हाच कायद्याचाही विधी. आमचा भटजी कायद्याला दिसत नाही, त्यांचा पाद्री दिसतो.

## "हे बरोबर आहे का? चर्चला झुकतं माप कशाला?"

हा आक्षेप मी घरातच ऐकलाय आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. एकाच्या विधीला मान आणि दुसऱ्याच्या विधीला नाही, याला समान म्हणता येत नाही. पण रागवायच्या आधी दोन्हीकडचे लोक लग्नाकडे कसं बघतात हे समजून घेतलं तर बरं.

हिंदूंच्यात विवाह हा संस्कार, पण तो लावायला एकच एक संस्था नाही, प्रत्येक जातीची, गावाची, कुळाची रीत वेगळी, आणि वही ठेवायची कोणी हेच ठरलेलं नाही. कॅथलिकांच्यात लग्न हे सात साक्रामेंतांपैकी एक, म्हणजे देवाच्या कृपेची खूण, आणि चर्चकडे बाप्तिस्म्यापासून प्रत्येकाची नोंद. लग्नाआधी जोडप्याला तयारीचा कोर्स करावा लागतो, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नावं वाचून दाखवतात की कोणाला अडचण माहीत असेल तर सांगा. रजिस्ट्रारची नोटीस आणि हे, काम एकच. म्हणून राज्यकर्त्यांना चर्चची वही वापरणं सोपं गेलं, शिवाय राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते हेही आहेच, ते कशाला लपवायचं.

आणि या मानाची किंमत पण ते मोजतात. चर्च घटस्फोट मानत नाही. कोर्टातनं घटस्फोट घेतलेल्या कॅथलिक माणसाला पुन्हा चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर आधी चर्चच्या न्यायाधिकरणाकडून पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं असा निर्णय मिळवावा लागतो. अशा निर्णयाला हायकोर्टातनं दिवाणी वजन मिळायची सोयसुद्धा १९४६ च्या हुकूमनाम्यात केलेली होती. आमच्यातल्या घटस्फोटितेला भटजी असलं काही विचारत नाही, नातेवाईक विचारतात ते वेगळं.

हिंदू-कॅथलिक लग्न असेल तर चर्चमध्ये लग्न लावायला बिशपांकडून खास परवानगी लागते, आणि कॅथलिक जोडीदाराला मुलांना आपल्या धर्मात वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन असं वचन द्यावं लागतं. हिंदू आईबापांना हे लागतं, बोचतं. पण आपल्याकडे सून दुसऱ्या धर्मातनं आली तर काहीही न लिहून घेता तिच्याकडून हळदीकुंकू आणि चवथीचं सगळं करून घेतलं जातंच की. तिकडे कागद आहे, इकडे गृहीत धरणं आहे. सही न घेता जे मागतात ते जास्त जड असतं असं माझं तरी मत आहे. ज्यांना हे दोन्ही नको ते रजिस्ट्रारपुढे दोन सह्या करून मोकळे होतात.

## "हिंदूंना दोन बायका करता येतात म्हणे"

कागदावर हो. १८८० च्या त्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, अशा अटींवर दुसरं लग्न करायची मुभा होती. १९१० नंतर कोणी ती वापरल्याचं ऐकिवात नाही. तरीही मुलगा झाला नाही म्हणून दुसरी बायको, हे वाक्य आज कायद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात पडून राहणं ही शरमेची गोष्ट आहे आणि ते काढा असं हिंदूंनीच म्हणायला हवं.

मुसलमानांचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागूच केला गेला नाही. त्यामुळे इथल्या मुसलमानांना, २०११ च्या जनगणनेत ते ८.३३ टक्के होते, ही संहिताच लागू आहे. लग्नाची नोंद, एकच बायको, अर्धा हिस्सा, सगळं तसंच. निकाह आपल्या रीतीने होतो, सह्या रजिस्ट्रारकडे होतात, हिंदूंसारख्याच.

## "मग गोडीगुलाबी आहे ती कायद्यामुळेच ना?"

इथे माझं आणि फॉरवर्डवाल्यांचं जमत नाही. कायदा बघाल तर १८७० चा, पण ही जवळीक काही त्यातनं आलेली नाही. आमच्या म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मारियेला, शिरगावची लईराई देवी बहीण मानते, असं म्हणतात की या सात बहिणी आणि त्यातली एक ख्रिस्ती झाली. फेस्ताला चर्चसमोर तेलाच्या बाटल्या घेऊन हिंदू बायका रांगेत उभ्या असतात, मीही राहते, सासूबाईंचा नवस होता. हे कुठल्या कलमाने झालेलं नाही.

आणि लग्नातच बघा ना. आमच्याकडे हळद लावतात, त्यांच्याकडे रोस, म्हणजे नारळाचा रस नवरा-नवरीच्या अंगाला लावून न्हाऊ घालतात. आमच्या नवरीला चुडा भरतात, त्यांच्या नवरीचाही चुडो असतो, आणि तो मामाच्या घरी. शेजारच्या घरी लग्न होतं तेव्हा कासार आला, एकेक बांगडी साबणाच्या पाण्याने चढवत होता, हिरव्या, पिवळ्या, मध्ये लाल, आणि माझ्या मुलीने विचारलं, आंटीच्या लग्नात गौरीहार कुठाय? तेवढंच फक्त नव्हतं. लग्नाआधी पूर्वजांच्या नावाने गरिबांना जेवू घालायची त्यांची पद्धत आहे, ती बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या हे तर आपलं देवकार्यच. मुहूर्ताच्या बाबतीतही तसंच, आम्ही चातुर्मासात लग्नं ठेवत नाही, ते ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात टाळतात, हॉलवाल्याला दोन्ही कॅलेंडर पाठ. जातसुद्धा दोन्हीकडे शिल्लक आहे, बामण, चारडो, सुदिर हे भेद गोव्यातल्या कॅथलिकांच्यात लग्न जमवताना अजून निघतात. धर्म बदलला, सोयरीक बघायची नजर बदलली नाही.

तरी एवढ्यावरून "सगळं एकच हो" म्हणू नये. चांगल्या मनाने म्हणतात, मला माहितीय. पण चर्चच्या दृष्टीने मारिया ही देवी नाही, येशूची आई आहे, ती आपल्यासाठी देवाकडे विनंती करते. लईराईची बहीण ही आपली समजूत, त्यांची नाही. एका रांगेत दोघी उभ्या असतात आणि दोघींच्या मनात वेगळं चाललेलं असतं. ते तसंच राहू दिलं तर काही बिघडत नाही. सगळे देव एकच हे आपल्याला उदार वाटतं, समोरच्याला मात्र आपल्या देवाची ओळख पुसल्यासारखं वाटू शकतं.

आणि गोडीगुलाबी रोजची नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट झेवियरच्या अवशेषांबद्दलच्या वक्तव्यावरून केवढा गदारोळ झाला, मडगावात लोक रस्त्यावर आले. पुढच्या महिन्यात जुन्या गोव्यात त्याच अवशेषांचं दर्शन सुरू झालं, ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत चाललं, आणि तिथे हिंदूही गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या.

## "मूळचं आडनाव काय होतं तुमचं?"

माहेरचे पाहुणे आले की हा प्रश्न हमखास कॅथलिक शेजाऱ्यांना जातो. एकदा माझ्या काकांनी अंगणात उभं राहून शेजारच्या आंटीला विचारलंच. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "तें खबर ना काका, चारशें वर्सां जालीं. तुमी च्या घेतात न्हय?" आणि क्लिप लावत राहिली. काकांना कळलं नाही की उत्तर मिळालेलं आहे.

इतिहास खोटा नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस, सासष्टीत देवळं पाडली गेली, मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि त्याच्या जाचात नवे ख्रिस्ती झालेले लोकही भरडले गेले, घरात जुन्या रीती पाळल्या म्हणून. कोणी जबरदस्तीने बाटले, कोणी जमीन टिकवायला, कोणी मनापासून. पण ज्या बाईच्या पंधरा पिढ्या त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत आल्या तिला तू मूळची आमची म्हणणं म्हणजे तिच्या घरात उभं राहून हे घर तुझं नाही म्हणण्यासारखंच आहे. मला विचाराल तर "तुमच्याकडे हे कसं करतात" असं विचारावं, लोक हौसेने सांगतात, चवथीला आमच्याकडनं नेवऱ्यांचं ताट गेलं की नाताळात दोदोल नि बेबिंक घेऊन येतात तेव्हा रेसिपीसकट सांगतात. "तुम्ही हे का मानता" याने गप्पा तिथेच थांबतात.

## देशभर आला तर गोव्याचं काय होणार

सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१९ च्या एका निकालात गोव्याचं उदाहरण म्हणून कौतुक केलं होतं, आणि त्याच निकालात सांगितलं की गोंयकाराची मिळकत गोव्याबाहेर असली तरी वारशाला हीच संहिता लागू. ती केस मुंबईतल्या मिळकतीची होती. २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश बोबडे पर्वरीला हायकोर्टाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आले तेव्हा तेही म्हणाले की विद्वानांनी येऊन बघावं.

बघायला हरकत नाही, पण काय नेणार ते आधी ठरवा. समान कायद्याच्या चर्चेत बोलणं सगळं दुसऱ्याच्या धर्मात काय चालतं यावर असतं, आणि लग्नाच्या दिवशी बायकोला अर्धं हा गोव्यातला खरा मसाला, त्याचं नाव कोणी काढत नाही. उत्तराखंडच्या कायद्यातही नवरा-बायकोची मालमत्ता अशी आपोआप एक होत नाही. फॅमिली ग्रुपवर मी हे लिहिलं, की बरं, गोव्यासारखाच आणा, मग उद्यापासून घर, जमीन, दुकान सगळं अर्धं वहिनींचं, विकायला त्यांची सही. दोन तास कोणीच काही टाकलं नाही, मग कोणीतरी गुड नाईट पाठवलं.

केंद्राचा कायदा आलाच तर त्यात गोव्याला वगळतील की आमची सामायिकता जाईल, यावर इथे वकिलांच्यात पण एकमत नाही, आणि जाईल या भीतीने अस्वस्थ होणाऱ्या हिंदू आणि कॅथलिक दोन्ही बायका मी बघितल्यात. तूर्तास ज्यांची मुलगी गोव्यात द्यायची ठरतेय त्यांनी पत्रिका बघून झाली की एवढं विचारा, दुसऱ्या सहीची तारीख मुहूर्ताच्या आधी घेतलीय का, आणि मालमत्तेचा करार काही केलाय का. केला असेल तर तो वाचायला मागा, पोर्तुगीज वळणाची भाषा असते, वकील सोबत न्या.